अर्ध्या सामन्याचे ७३ गुण

बास्केटबॉलच्या सामन्यात आकडेवारीच्या टेबलावर बसलेला माणूस सामना बघत नसतो, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कोर्टाला लागून खुर्ची मिळते आणि ही म्हणते सामना बघत नाही! पण खरंच तसं असतं. आम्ही दोघं जोडीनं काम करतो. एकाचे डोळे कोर्टावर आणि तोंड सतत चालू: ‘अकरा, तीनचा, चुकला, रिबाउंड चार, बचावाचा.’ दुसरा ते ऐकतो, कीबोर्डवर मारतो आणि शॉट कुठून गेला ते पडद्यावरच्या नकाशात टिपतो. ती दुसरी मी. सामना मला आधी कानांना कळतो, डोळ्यांना नंतर, तेही वेळ मिळालाच तर.

दिवसा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरची नोकरी, आणि नोव्हेंबर ते मार्च हे काम. पैसे बेताचेच मिळतात. खाज नागपूरपासूनची. कॉलेजात खेळायचे, पण जास्त वेळ बाकावरच, म्हणून सरांनी हातात स्कोअरशीट दिलं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं, तीन गुणांच्या शॉटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. ते मला खेळण्यापेक्षा बरं जमायचं.

१२ मार्च २०२० ला आमच्याकडे बिग ईस्टच्या उपांत्यपूर्व फेऱ्या होत्या. अमेरिकेत कॉलेजांचे संघ ‘कॉन्फरन्स’मध्ये विभागलेले असतात. हिवाळाभर आपापसांत खेळायचं आणि शेवटी मार्चमध्ये चार-पाच दिवसांची बाद फेरीची स्पर्धा. ती जिंकणारा ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. बिग ईस्ट १९७९ ची, आणि तिची ही स्पर्धा १९८३ पासून दरवर्षी गार्डनमध्येच होते. त्या मोसमात दहा संघ होते, प्रत्येकाचे अठरा सामने. अठरापैकी तेरा जिंकून क्रेटन, व्हिलानोव्हा आणि सीटन हॉल हे तिघं बरोबरीत अव्वल आले होते. अशा मोसमाची स्पर्धा कशी रंगते हे वेगळं सांगायला नको.

आदल्या रात्री पहिली फेरी नेहमीसारखी, प्रेक्षकांसह झाली. सेंट जॉन्सनं जॉर्जटाउनला ७५–६२ असं हरवलं. दुसरा सामना, डीपॉल आणि झेवियरचा, चालू असताना पत्रकारांच्या रांगांमध्ये फोन उजळायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच दिवशी महामारी जाहीर केली होती, पण खेळाच्या माणसांना जाग आली ती ओक्लाहोमा सिटीच्या बातमीनं. तिथला एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, सामना ऐन सुरू होण्याच्या वेळी थांबवला, युटा जॅझचा रुडी गोबेअर पॉझिटिव्ह निघाला आणि थोड्याच वेळात एनबीएनं सगळा मोसमच स्थगित केला. माझा जोडीदार, सत्तरीकडे झुकलेला निवृत्त गणित शिक्षक, एका टाइमआउटमध्ये एवढंच म्हणाला, ‘उद्या आपण इथे असू असं वाटत नाही.’ डीपॉल ७१–६७ नं जिंकलं. कागद छापले, वाटले, घरी गेलो.

सकाळी मात्र निरोप आला की सामने होणार. सर्वसामान्य प्रेक्षकांना प्रवेश नाही. खेळाडूंच्या घरची मोजकी माणसं, संघांचा आणि आमच्यासारखा कामाचा स्टाफ एवढेच. गार्डन पेन स्टेशनच्या डोक्यावरच उभं आहे, म्हणजे ट्रेनमधून उतरून जिना चढलं की कामावर. ट्रेन निम्मी रिकामी होती. मास्क कुणालाच नव्हता. तेव्हा तसं सांगितलंच जात नव्हतं. टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवली होती आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण ती दाबत होता, देवळातलं तीर्थ घ्यावं तशी.

बाराला सामना सुरू झाला. इथे कॉलेजच्या मुलांचा सामना चार क्वार्टरचा नाही, वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफचा. अव्वल मानांकित ओमाहाचं क्रेटन विरुद्ध न्यूयॉर्कच्या क्वीन्सचं, म्हणजे घरचंच, सेंट जॉन्स. कागदावर क्रेटन जड, पण मार्चच्या सुरुवातीलाच याच सेंट जॉन्सनं त्यांना वीस गुणांनी हरवलं होतं. त्यात क्रेटनचा मुख्य गार्ड मार्कस झेगारोव्स्की गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर. म्हणजे सामना बघण्यासारखा होता, बघायला कुणी असतं तर.

एकोणीस हजारांवर माणसं मावतात त्या जागेत शे-दोनशे माणसं विखुरलेली. माझ्या कामावर त्याचा परिणाम असा झाला की जोडीदाराचा आवाज फार मोठा वाटायला लागला. एरवी तो माझ्या कानाशी ओरडतो तेव्हा कुठे मला ऐकू येतं. त्या दिवशी ‘टर्नओव्हर, तीस’, म्हणजे तीस नंबरनं चेंडू गमावला, असं तो नेहमीच्या आवाजात म्हणाला आणि समोरून परत धावणाऱ्या त्या तीस नंबरच्या मुलानं चक्क वळून बघितलं. मग तो कुजबुजायला लागला. बुटांची करकर, प्रशिक्षकांची एकेक शिवी, रिमवर आपटलेल्या चेंडूचा आवाज, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कामात डोळे वर करून सामना बघायला उसंत मिळाली, आणि मुलं छान खेळत होती. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळ्यांनी त्या सामन्याबद्दल लिहिलं ते तो कसा थांबला याबद्दल. सेंट जॉन्सची पोरं अंगावर जाऊन बचाव करत होती आणि क्रेटन सारखं मागून येऊन गाठत होतं.

आमच्या मागे मात्र वेगळाच धावफलक चालू होता, बाकीच्या कॉन्फरन्सच्या स्पर्धांचा. इंडियानापोलिसमध्ये मिशिगन आणि रटगर्सचे संघ सराव करत असताना आत बोलावले गेले, बिग टेनची स्पर्धा रद्द. नॅशव्हिलमध्ये एसईसी रद्द. ईस्ट नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये अटलांटिक-१० ची स्पर्धा, तिथेही सामना सुरू होण्याच्या तोंडावर सगळं बंद. ग्रीन्सबरोत फ्लोरिडा स्टेटच्या संघाला कोर्टावर उभं करून एसीसीचा चषक दिला, त्या दिवशी एकही बास्केट न टाकता. मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘देशात आता आपणच खेळतोय.’ ते शब्दशः खरं होतं का कोण जाणे, पण वाटत तसंच होतं. असं असताना चेंडू वर टाकलाच का, यावर पुढे बरीच टीका झाली. ती रास्तच होती. कोर्टाजवळ बसून मलाही तेच वाटत होतं, आणि तरीही हाफ संपू नये असंही वाटत होतं.

पहिला हाफ संपला तेव्हा सेंट जॉन्स ३८, क्रेटन ३५.

मध्यंतर म्हणजे आमची खरी घाई. अधिकृत स्कोअरर, तो पट्ट्यांचा शर्ट घालून बसतो, त्याची वही आणि आमचा संगणक यांचा मेळ घालायचा: गुण, फाउल, टाइमआउट. फरक निघाला तर वही खरी. मग अर्ध्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूवार आकड्यांचा तक्ता, छापून दोन्ही प्रशिक्षकांना आणि पत्रकारांना पोचवायचा. त्या दिवशी मेळ पहिल्याच फटक्यात बसला. कागद निघाले, मुलगा घेऊन गेला. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमची प्रमुख फोन कानाला लावून उभी असलेली दिसली. तिनं मान हलवली. ती नकाराची होती.

दुसरा हाफ झालाच नाही. स्पर्धा रद्द. कॉन्फरन्सच्या आयुक्त वॅल अॅकरमन, महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, डब्ल्यूएनबीएच्या, पहिल्या अध्यक्ष होत्या त्याच, पत्रकारांसमोर गेल्या. कोर्टावर फोटोवाले उरले.

आणि माझ्यापुढे पडदा तसाच. तुम्हाला हसू येईल, पण त्या क्षणी मला महामारी आठवली नाही, मला पडला तो कारकुनी प्रश्न: आता दाबू काय? ‘सामना संपला’ म्हणावं तर तो संपला नव्हता. तसं दाबलं तर सेंट जॉन्स तीन गुणांनी जिंकल्याची बातमी देशभर जाणार. उघडा ठेवावा तर पुढे कधी? जोडीदाराला विचारलं. चाळीसएक वर्षं हे काम केलेला माणूस, तो म्हणाला, ‘याला बटण नाही.’ शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, काही दाबू नको, जतन कर आणि बंद कर.

सामान आवरताना जोडीदारानंच आठवण काढली. याच कोर्टावर, याच तारखेला, १२ मार्च २००९ ला, सिरॅक्यूज आणि कनेक्टिकटचा सामना सुरू झाला होता. सहा ओव्हरटाइम. संपला तेव्हा मध्यरात्र उलटून १ वाजून २२ मिनिटं झाली होती आणि तारीख १३ झाली होती. १२७–११७. सिरॅक्यूजचा जॉनी फ्लिन ७० पैकी ६७ मिनिटं मैदानावर होता. माझा जोडीदार तो सामना प्रेक्षकांत बसून बघत होता आणि अख्खा सामना कागदावर टिपत होता, हौस म्हणून. ‘तो संपता संपत नव्हता,’ तो म्हणाला आणि आपला मफलर शोधायला लागला.

घरी जाताना बाबांना फोन केला. नागपुरात रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील, पण ते जागे असणार हे ठाऊक होतं. बाबा क्रिकेटचे. माझ्या बास्केटबॉलबद्दल त्यांचा एकच प्रश्न ठरलेला.

‘काय गं, कोण जिंकलं?’

‘कुणीच नाही बाबा. मध्येच बंद केला.’

‘इथेही तेच. धरमशाळेचा वनडे पावसात गेला, टॉससुद्धा झाला नाही. पण तुमच्याकडे छपराखाली कसला पाऊस?’

मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प झाले, मी खाण्याचं सामान भरून ठेवलंय का ते विचारलं, आणि मग पुन्हा मूळ मुद्द्यावर आले. ‘पण मग त्या पोरांनी केलेले गुण? ते तर धरतील ना?’

क्रिकेटवाल्याला हा प्रश्न साहजिक आहे. एकदिवसीय सामना अर्ध्यावर पावसात वाहून गेला, तरी तोवर काढलेल्या धावा आणि घेतलेले बळी खेळाडूच्या खात्यात कायम राहतात. निकाल नाही, पण हिशेब आहे. आमच्याकडे तसं झालं नाही. तो सामना ‘नो कॉन्टेस्ट’ ठरला, म्हणजे झालाच नाही. मोसमाच्या अखेरच्या नोंदीत क्रेटन २४ विजय, ७ पराभव. सेंट जॉन्स १७ आणि १५. बेरीज करा, त्या दुपारचा सामना त्यात नाही. ३८ आणि ३५ मिळून ७३ गुण झाले, ते वीस मिनिटांत माझ्याच बोटांनी नोंदले, आणि ते कुणाच्याच नावावर नाहीत.

जोडीदाराशी यावर मी नंतर फोनवर भांडले. त्याचं म्हणणं, नियम बरोबर आहे. अर्ध्या सामन्याला एक सामना धरलं तर प्रत्येकाची सरासरी उगाच खाली येते. गणिताच्या मास्तराला शोभेल असंच उत्तर. मला ते पटतं आणि नाही पटत. सरासरी वाचवण्यासाठी गुणच पुसायचे?

अर्थात खेळायलाच न मिळालेल्यांपुढे हे रडगाणं काय! त्या दिवशी सीटन हॉल विरुद्ध मार्केट विद्यापीठ असाही सामना होता आणि आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. सीटन हॉल म्हणजे माझ्या न्यू जर्सीचं कॉलेज, आणि त्यांचा मायल्स पॉवेल ट्रेंटनचा मुलगा. समोर मार्कस हॉवर्ड, सामन्यामागे २७.८ गुण, देशात पहिला. दोघंही चौथ्या वर्षाला. दोघांची कॉलेजची कारकीर्द न खेळलेल्या सामन्यापाशी संपली. दुपारी सव्वाचारच्या सुमाराला एनसीएएनं, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं, राष्ट्रीय स्पर्धाही रद्द केली. १९३९ मध्ये सुरू झाल्यापासून ती युद्धातसुद्धा थांबली नव्हती. पाचला ब्रॉडवेचे पडदे पडले. मार्चअखेर एनसीएएनं बेसबॉलसारख्या वसंतातल्या खेळांच्या विद्यार्थ्यांना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं, हिवाळी खेळांच्या विद्यार्थ्यांना नाही. कारण काय, तर त्यांचा मोसम जवळपास झाला होता. जवळपास! एनसीएएकडून कॉलेजांमध्ये वाटले जाणारे सुमारे ६० कोटी डॉलर २२.५ कोटींवर आले, त्याची चर्चा मात्र खूप झाली.

पुढच्या मार्चमध्ये स्पर्धा पुन्हा गार्डनमध्ये झाली, तुरळक प्रेक्षकांत. आमच्या टेबलावरची माणसं कमी केली होती, त्यात मी नव्हते. अंतिम सामना घरी टीव्हीवर बघितला आणि सवयीनं कागद घेऊन बसले. क्रेटन होतंच, समोर आठवं मानांकन असलेलं जॉर्जटाउन. जॉर्जटाउन ७३, क्रेटन ४८. आकडा बघून मीच चमकले आणि जोडीदाराला मेसेज केला. ‘योगायोग,’ त्याचं उत्तर आलं, ‘आणि तुझ्याकडे एका गुणाचा फरक येतोय का? पहिल्या हाफचे फाउल शॉट पुन्हा मोज.’ मोजले. माझं बरोबर होतं, त्याचाच एक राहिला होता.