रेक्केस्विंथचा साज

गुजरीतल्या आमच्या दुकानात वडिलांना साज ओवताना पाहत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या एका मुकुटाचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा मला राजाच्या आधी कड्या दिसल्या. सोन्याची रुंद पट्टी, तिच्यात कोंदणात बसवलेले नीलम आणि मोती, आणि खालच्या काठाला, साजाची पाने लोंबावीत तशी, एकेका साखळीवर लोंबणारी सोन्याची लॅटिन अक्षरे. 'राजा रेक्केस्विंथ अर्पण करतो' एवढाच त्यांचा अर्थ. हा मुकुट डोक्यावर घालण्यासाठी नव्हताच, तो देवघरात टांगण्यासाठी घडवला होता; अंबाबाईच्या गावात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

रेक्केस्विंथ हा स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथांचा, म्हणजे गॉथ या जर्मानिक लोकांच्या एका शाखेचा, राजा. त्याचा बाप चिंदास्विंथ म्हातारपणी गादी बळकावून बसलेला, आणि सरदारांच्या कत्तली करून ती टिकवलेला. त्याने ६४९ मध्ये मुलाला सहराजा केले. ६५३ मध्ये बाप गेल्यावर राज्य एकट्या मुलाकडे आले. फ्रोया नावाच्या सरदाराने बंड करून सारागोसाला वेढा दिला होता, तो मोडून काढावा लागला. मग टोलेडोच्या आठव्या धर्मसभेने, बंडखोरांना कधीच माफी न देण्याची जी शपथ आधी घेतली गेली होती, ती सैल केली. बापाच्या दहशतीनंतर मुलाने हात आखडता घेतला, हे मला त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

त्याचे मोठे काम म्हणजे ६५४ च्या सुमाराचा बारा भागांचा कायदेग्रंथ. तोवर रोमन प्रजेसाठी रोमन कायद्याचा वेगळा संग्रह होता; आता गॉथ असो वा रोमन, न्यायालयात सर्वांना एकच ग्रंथ लागू झाला. ज्यूंच्या वाट्याला मात्र याच ग्रंथात त्यांच्या सणांवर आणि विधींवर बंदी आली, आणि 'सर्वांना एक कायदा' म्हणून त्याचे कौतुक करताना ही बाजू झाकता येत नाही.

१ सप्टेंबर ६७२ रोजी तो वारला आणि त्याच दिवशी सरदारांनी वांबाला राजा निवडले. मुकुट पुढे जमिनीत पुरला गेला, तो १८५८ मध्ये टोलेडोजवळ ग्वार्रासार येथे सापडला. तो पॅरिसला गेला आणि १९४१ मध्ये स्पेनला परतला, पण 'आर' हे एक अक्षर तिथल्या क्लुनी संग्रहालयातच राहिले.

वडिलांनी भिंग लावून छायाचित्र बराच वेळ पाहिले. पानामागची कडी झिजली की पान गळते, हे त्यांच्या हाताला ठाऊक. ''ते अक्षर मागवून घ्यायचं आणि डाग देऊन बसवायचं,'' ते म्हणाले, ''त्यात एवढं काय?''