शेडकार्ड घेऊन सिंगापूर ते पेनांग

“अगं, बघणाऱ्याला वाटेल रंगकामाचं एस्टिमेट द्यायला आलीस,” आई म्हणाली.

सकाळचे पावणेआठ. सिंगापूरच्या कून सेंग रोडवर मी हात लांब करून, एक डोळा मिटून, समोरच्या पिस्ता रंगाच्या घरावर शेडकार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचं कार्ड, जुळवत होते. जुळत नव्हतं. कार्डावरचा पिस्ता बरोबर वाटायचा, पण घराचा त्याहून ताजा दिसायचा. का, ते पुढे सांगते.

मी चादरी-पडद्यांच्या कापडावरचे प्रिंट करते. लोअर परळला ऑफिस, राहायला गिरगावात. परदेशी गेले की म्युझियमच्या आधी रंगीत गल्ल्या शोधायच्या, ही जुनी खोड. या वेळी अडुसष्ट वर्षांची आई बरोबर होती, म्हणून फार पायपीट नको, थंडी नको, आणि जेवायला भात हवा. मार्चमध्ये नऊ दिवस काढून सिंगापूर, क्वालालंपूर, पेनांग असा बेत केला.

कागदपत्रांचं आधी उरकते. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटकडूनच करावा लागतो. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि मॅट हवा. आमचा एक ग्लॉसी म्हणून परत आला. शिवाय पोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. मलेशियाला भारतीयांना सध्या तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण सवलत ठरावीक मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्या. त्यांचंही डिजिटल कार्ड आहेच.

आता कून सेंग रोड. जू चियाट नावाच्या भागात ही गल्ली आहे. दोन्ही बाजूंना समोरासमोर, एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं, साधारण १९२०च्या दशकातली. ही पेरानाकन लोकांची वस्ती. चीनमधून आलेले व्यापारी इथल्या मलय बायकांशी लग्न करून राहिले, त्यांचे हे वंशज. जू चियाटला १९९३ मध्ये संरक्षित भागाचा दर्जा मिळाला, म्हणून ती घरं टिकली.

फोटोत फक्त गुलाबी, पिवळं, निळं एवढंच दिसतं. तिथे उभं राहिलं की कळतं, खरं काम पांढरा करतोय. खिडक्यांच्या कमानीभोवती, खांबांवर, वरच्या पट्टीवर चुन्या-गिलाव्याची उठावाची फुलं, पक्षी, वेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती पांढरीच ठेवली आहेत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर भिंत हा ग्राउंड, नक्षी हा बुट्टा, आणि पांढरी आउटलाइन दोघांना भांडू देत नाही. शेजारच्या दोन घरांचे रंग एकमेकांचे वैरी असले तरी मध्ये पांढरा खांब येतो आणि मिटतं. माझा पिस्ता का जुळत नव्हता त्याचं उत्तर हेच. त्याच्या बाजूला कडक पांढरा होता आणि खिडकीच्या झडपा गडद लालसर होत्या. कार्डावर तो बिचारा एकटाच.

मग वाकून खाली बघा. खिडकीखालच्या भिंतीवर टाइल्स आहेत, उठावाच्या, काचेसारख्या चकचकीत, गुलाबी गुलाब आणि हिरवी पानं. या मॅजोलिका टाइल्स आधी इंग्लंड-युरोपातून यायच्या, नंतर जपानमधून यायला लागल्या. आई म्हणाली, “ह्या तर आपल्या गिरगावात जुन्या जिन्यात असायच्या की!” बरोबरच आहे. जपान्यांनी त्या काळात हिंदुस्थानच्या बाजारासाठीही भरपूर टाइल्स केल्या, अगदी लक्ष्मी-सरस्वतीच्या सुद्धा.

ही राहती घरं आहेत, हे विसरू नका. घरापुढे जो छपराचा ओटा दिसतो त्याला तिथे ‘फाइव्ह फुट वे’ म्हणतात. पावसा-उन्हात चालणाऱ्याला आडोसा मिळावा म्हणून सिंगापूर वसवणाऱ्या इंग्रज रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेपासून तो सक्तीचा झाला. पण कून सेंगवरच्या बऱ्याच घरांना पुढे छोटं अंगण आणि फाटक आहे. फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही, पायरीवर बसून पोज द्यायची नाही. आम्ही होतो तेवढ्यात एक मुलगी फोटोसाठी फाटकाला टेकली आणि आतून कुत्रा असा काही भुंकला की तिचा फोन गटारात जाता जाता वाचला.

वेळ महत्त्वाची. विषुववृत्त जवळ, त्यामुळे दहानंतर ऊन डोक्यावर येतं आणि सगळे रंग पिठूळ होतात. सूर्य उगवतोच सातच्या सुमारास, तेव्हा साडेसात ते साडेनऊ, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर जा. मेट्रोच्या थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनचं मरीन परेड स्टेशन जून २०२४ पासून सुरू आहे, तिथून चालत वीस मिनिटं धरा. मेट्रोला आणि बसला आपलं टॅप करायचं कार्ड चालतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघी शिरायला गेलो आणि आई गेटच्या बाहेरच राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी माझी फजिती कळली. हॉटेलवर फोटो बघते तर अर्धे रंग खोटे. गुलाबी भिंतीने पूर्ण फ्रेम भरली की फोन स्वतःच ठरवतो, ‘एवढं गुलाबी असेल कसं,’ आणि तिला पांढऱ्याकडे ओढतो. वर माझ्या फोनमध्ये ‘व्हिव्हिड’ फिल्टर कधीचा चालूच होता. दहा वर्षं रंगाचं काम करून ही गत! दुसऱ्या दिवशी परत गेले. या वेळी प्रत्येक भिंतीचा एक फोटो शेडकार्ड कोपऱ्यात धरून काढला, म्हणजे घरी आल्यावर रंग ताळ्यावर आणता येतो. शेडकार्ड नसेल तर पांढरा कागद धरा, तेवढ्याने भागतं. आणि फिल्टर बंद करा, आधीच.

सिंगापुरातलं बाकीचं पटकन. लिटल इंडियात केरबाऊ रोडवर टान टेंग नियाह यांचं घर आहे, १९०० सालचं, आठ खोल्यांचं. मालक चिनी, मिठाईचे कारखाने चालवणारे. केरबाऊ म्हणजे मलय भाषेत म्हैस. एके काळी हा सगळा भाग गुराढोरांच्या व्यापाराचा होता. आता त्या घराची एकेक फळी वेगळ्या रंगात आहे. मला ते जास्त झालं, सगळेच बोलतात आणि ऐकत कोणी नाही असं. आईला मात्र सगळ्यांत आवडलं ते तेच, आणि समोर इडलीही मिळाली. हिल स्ट्रीटवरची १९३४ सालची जुनी पोलीस चौकी सरकारी कचेरी आहे. ९२७ खिडक्या, सगळ्यांच्या झडपा इंद्रधनुष्यी. रस्त्याच्या पलीकडून पाच मिनिटं बघितली की पुरे. हाजी लेन ही रंगीत दुकानांची गल्ली गर्दीत वाया गेली. आणि रोचोर सेंटरच्या लाल-निळ्या-हिरव्या-पिवळ्या इमारतींचे फोटो अजून फिरत असतात, त्यावर भुलू नका. त्या २०१८ मध्ये पाडल्या.

सिंगापूर ते क्वालालंपूर बसने गेलो, पाच-सहा तास. सीमेवर दोनदा उतरावं लागतं, मलेशियाच्या बाजूला तर सामानासकट. म्हातारं माणूस बरोबर असेल तर चाकाची एकच बॅग न्या. नाहीतर सरळ विमान बरं.

क्वालालंपूरला थांबण्याचं कारण बाटू केव्हज. मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्तीमागे गुहेकडे जाणाऱ्या २७२ पायऱ्या आहेत. त्या २०१८ च्या ऑगस्टमध्ये रंगवल्या आणि पुरातन वारसा खात्याची परवानगी घेतली नाही म्हणून वाद झाला. रंग म्हणून मला त्या पायऱ्यांमध्ये काही विशेष वाटलं नाही. डबा उघडला आणि फासला, असे. पण एक गंमत बघा. खालून वर पाहिलं तर पायऱ्यांचे उभे भाग एकाला एक लागून सलग रंगीत पडदा दिसतो. वर जाऊन खाली वळून पाहिलं की दिसतात आडवे भाग, पायांनी घासून विटलेले. तेव्हा फोटो खालूनच. केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य स्टेशनहून लोकल ट्रेन थेट पायथ्याशी जाते. गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर तिथे लुंगी भाड्याने घ्यावी लागते. आठच्या आत पोचा, हातात खाण्याची पिशवी नको, माकडं आपल्या एलिफंटाच्या माकडांची मावसभावंडं आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत थैपुसम हा मुरुगनचा उत्सव असतो; गर्दी झेपत असेल तरच तेव्हा जा. आई शंभर पायऱ्यांवर बसली आणि म्हणाली, “जेजुरी झाली तेव्हा गुडघे होते.”

पेनांगसाठी केएल सेंट्रलहून बटरवर्थपर्यंत ईटीएस नावाची जलद रेल्वे, चार तासांच्या वर, मग समोरच फेरी. दहा-पंधरा मिनिटांत जॉर्जटाऊन, पेनांग बेटावरचं मुख्य शहर. भाऊच्या धक्क्याची सवय असलेल्याला फेरी फारच सुटसुटीत वाटते.

माझ्या मते अख्ख्या प्रवासाचं फळ लीथ स्ट्रीटवरच्या निळ्या वाड्यात होतं. चेओंग फॅट त्झे नावाच्या धनाढ्य चिनी व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही हवेली. ३८ खोल्या, ५ चौक, ७ जिने, २२० खिडक्या. हा माणूस १९१६ मध्ये वारला. पुढे वाड्याची पार दुर्दशा झाली, मग काही स्थानिक लोकांनी तो विकत घेऊन १९९० च्या दशकात दुरुस्त केला आणि २००० साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळवला. आता तिथे हॉटेल आहे. आतून बघायचं तर गाइडबरोबरची ठरावीक वेळेची फेरी घ्यावी लागते. आधी बुक करा. आम्ही तसेच गेलो, जागा नव्हती, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा. रिक्षा म्हणजे ग्रॅब, ॲपवरची टॅक्सी.

तो निळा पेंट नव्हे. चुन्यात नीळ कालवून मारलेला हात आहे, आणि ती नीळ त्या काळी इंग्रजांमार्फत आपल्या हिंदुस्थानातून जायची. गाइडने हे सांगितलं आणि आई एकदम टवकारली. आमच्या गिरगावच्या चाळीत दिवाळीआधी सफेदी व्हायची तेव्हा चुन्यात नीळ टाकायची ती हीच बाई. “पण आम्ही चिमूटभर टाकायचो, पिवळट दिसू नये म्हणून. यांनी गोणी ओतली.” मग मला हळूच विचारलं, “सरस घातला असेल का? नाहीतर कपड्याला लागतो.” मी गाइडला विचारलं नाही. माझ्या इंग्रजीत सरस बसला नाही.

तेवढ्यात पाऊस आला, पेनांगचा, दहा मिनिटांचा. आम्ही ओसरीत उभ्या राहिलो. पन्हळीखालची भिंत भिजली आणि बघता बघता निळ्याची जांभळट शाई झाली. वरची कोरडी भिंत मात्र विटलेल्या जीनसारखी. पाऊस थांबल्यावर ती शाई कडेकडेने उडत गेली, आणि मध्ये नकाशासारखे डाग उरले. चुना ओल शोषतो आणि सोडतो, म्हणून दमट हवेत भिंतीला पोपडे येत नाहीत, आतही गार राहतं. प्लॅस्टिक इमल्शनने भिंतीचं तोंड बंद होतं आणि मागून फुगा येतो, हे मुंबईत दर पावसाळ्यानंतर आपण बघतोच. शेडकार्ड मी लावून पाहिलं. पाच वेगवेगळे निळे एकाच हातभर भिंतीवर जुळले. शेवटी कार्ड पिशवीत टाकलं. शक्य असेल तर इथे पाऊस पडून गेल्यावर जा. सगळे ऊन बघून जातात.

छपराकडेही मान वर करा. कडेला फुलं-माणसं दिसतात ती रंगवलेली नाहीत. चिनी मातीचे रंगीत वाडगे मुद्दाम फोडून, त्याचे तुकडे पक्कडीने कापून बसवलेले आहेत. पाकळीला बाऊलचा कड, कारण तो आपसूक वळलेला असतो.

चर्च स्ट्रीटवरचा हिरवा पिनांग पेरानाकन मॅन्शन बघितला नाही तर चालेल, बघितला तर दोन तास ठेवा. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या मुलांचं २०१२ मधलं भित्तिचित्र आहे, फोटोला रांग असते. आम्ही रांग बघून परतलो.

खाण्याचं. आईचा सोमवार. ‘व्हेजिटेबल’ म्हणून समोर येणाऱ्या भाजीत तिथे बलाचन असतो, सुक्या कोळंबीचा कुटून केलेला गोळा. वास आपल्या जवळ्याचाच. “तनपा उदांग” म्हणजे कोळंबी नको, एवढं पाठ करा. जॉर्जटाऊनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं, आमचा सोमवार तिथे सुटला.

आणि टाइल्स. जुन्या सामानाच्या दुकानात सुट्या मॅजोलिका टाइल्स मिळतात. सहा इंचाची एक टाइल अर्ध्या किलोपर्यंत भरते, तेव्हा मोह आवरा. मागचा भाग बघून घ्या; जुनीच्या पाठीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो, नवी नक्कल स्वच्छ असते. चेक-इन बॅगेत टाकू नका. मी चार घेतल्या, आईच्या शालीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवल्या.

मुंबई विमानतळावर स्कॅनरमधून पिशवी गेली आणि माणसाने थांबवलं. “यात जड काय आहे?”

“फरशी,” आई म्हणाली.

त्याने पिशवीत बघितलं, आमच्याकडे बघितलं. “एवढ्या लांबून?”

“माझी नाही हो,” आई म्हणाली, “हिची.”