तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा पुस्तकाला सात वर्षं का?

माझं लहान मुलांचं चित्रपुस्तक ३२ पानांचं. सगळा मजकूर मिळून ४०० शब्दांच्या आतला. सावकाश वाचलं तरी सहा-सात मिनिटांत संपतं. म्हणून कुठेही गेले की कुणीतरी विचारतंच, "एवढ्याशा पुस्तकाला सात वर्षं कशी लागली हो?" विचारणाऱ्यांत स्वतःची एखादी गोष्ट कपाटात ठेवून बसलेली माणसं बरीच असतात. त्यांचा आवाज मला ओळखू येतो. आजवर मी "नोकरी, घर, वेळच मिळाला नाही" असं सांगून सुटत आले. ते खरं नव्हतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पाचवीत तालुक्याच्या शाळेत गेले. तिथे धडा वाचताना मी "पानी" म्हणाले. पुस्तकात "पाणी" होतं, ते मला दिसत होतं, पण आमच्या घरात, विहिरीवर, सगळीकडे ते पानीच होतं. बाईंनी उभं करून दहा वेळा "पाणी" म्हणायला लावलं. वर्ग हसला. त्या बाई वाईट नव्हत्या, माझं भलंच करत होत्या. पण त्या दिवसापासून तोंडातून काही काढण्याआधी, आणि पुढे कागदावर उतरवण्याआधी, ते तपासून घ्यायची मला सवय लागली. नोकरीत या सवयीचं कौतुक झालं. माझ्या टिपणात ऱ्हस्वदीर्घाची चूक कुणाला सापडायची नाही. गोष्ट लिहायला बसले तेव्हा मात्र तीच सवय मला एक ओळही पुढे जाऊ देईना.

गोष्ट शिंपी पक्ष्याची. आमच्या अंगणातल्या बदामाच्या झाडावर तो घरटं करायचा. पान वळवून, कडा जवळ आणून, चोचीनं भोकं पाडून त्यातून कापसाचे धागे ओवायचा. जेमतेम ६ ते १० ग्रॅम वजनाचं पाखरू. लहानपणी बघितलेलं ते सगळं चार-पाच वर्षांच्या पोरांना सांगावं, एवढंच मनात होतं. पहिला खर्डा २०१५ च्या उन्हाळ्यात एका रात्रीत झाला. त्यानंतर आणखी अठरा झाले.

या खर्ड्यांमध्ये मी काय करत होते, ते सांगते. नव्यानं वाचायला लागलेल्या मुलांना जोडाक्षरं अडतात, म्हणून मी जोडाक्षरं काढत होते. मग वाक्यं बोबडी वाटायची, म्हणून परत घालत होते. "आश्चर्य" हा शब्द बाराव्या खर्ड्यात गेला, चौदाव्यात परत आला. त्यानंतर टाक्यांचं वेड लागलं. पक्षी पान शिवतो म्हणजे नेमकं काय करतो? सहा महिने मी ते शोधत बसले. त्याचा टाका आपल्या गोधडीच्या धावदोऱ्यासारखा सलग नसतो आणि त्याला गाठही नसते. भोकातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक पिंजून फुगतं आणि त्या फुग्यामुळेच धागा मागे सरकत नाही. शिलाईपेक्षा रिव्हेट, म्हणजे टोक फुगवून घट्ट बसवलेली खिळी, मारण्याच्या जवळची ही रीत. मला हे कळल्याचा फार आनंद झाला, अजूनही आहे. पण त्या सहा महिन्यांत गोष्ट एका ओळीनंही पुढे सरकली नाही, आणि तरीही मी काम करते आहे असंच मला वाटत होतं. ही फसगत बाहेरून दिसत नाही. मेहनत खरी असते, थकवा खरा असतो, फक्त पुस्तक होत नसतं.

आणि आजी. गोष्टीत एक आजी होती. ती काय बोलेल ते मला ठाऊक होतं, कारण ती माझीच आजी होती. ती "कापूस कोनं नेला वो माय?" असंच म्हणणार. मी लिहायची, "माझा कापूस कुणी नेला?" वाक्य शुद्ध व्हायचं आणि आजी पानावरून उठून जायची. शुद्धलेखनाचे नियम मला पाठ होते. १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहावं, हेही त्या नियमांतच आहे. तो नियम मी कितीदा वाचला असेन. तो माझ्या आजीलाही लागू होतो, हे मात्र मनावर घेतलं नव्हतं. पुण्या-मुंबईची मुलं हसतील, शाळा असलं पुस्तक घेणार नाहीत, अशी कारणं मी देत होते. खरं कारण पाचवीच्या वर्गातलं. माझं प्रत्येक वाक्य आधी त्या बाईंच्या टेबलावर जात होतं, आणि मुलांपर्यंत पोचतच नव्हतं.

यातून मी धैर्यानं बाहेर पडले असं सांगायला आवडलं असतं. झालं ते योगायोगानं. माझी धाकटी जाऊ अंगणवाडी सेविका आहे. २०१९ च्या जुलैत मी तिच्याकडे गेले होते, तो वजनं घ्यायचा दिवस होता. "ताई, मी एकेकाचं वजन घेते, तोवर बाकीची पोरं सांभाळा," म्हणाली. बावीस पोरं. पिशवीत माझी वही सोडून काही नव्हतं. पाचच मिनिटांत पोरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली, तेव्हा मी वही उघडली आणि सतरावा खर्डा वाचायला लागले.

दुसऱ्या पानापर्यंत त्यांनी ऐकलं. तिसऱ्या पानावर मी शेताचं वर्णन केलं होतं, सगळ्यात जास्त घासून-पुसून लिहिलेलं पान. तिथे दोघं उठून बाहेर गेली. चौथ्या पानावर माझा पक्षी ऐन पावसाळ्यात शेतात जाऊन कापूस आणतो. समोरची एक मुलगी म्हणाली, "आता कोठी कापूस हाये वो? पऱ्हाटी तं लहानशीच हाये."

बरोबर होतं तिचं. या पाखराच्या घरट्यांचे खरे दिवस पावसाळ्यातले. आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जूनमध्ये लावतात आणि वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. श्रावणात शेतात फुटलेलं बोंड नसतं. टाक्यांवर सहा महिने घालवलेल्या मला, शेतकऱ्याच्या मुलीला, हे सुचलं नव्हतं. मग त्या दिवसांत पाखरानं कापूस आणला कुठून? घरी जाताना एसटीत मला एकदम दिसलं: आजी श्रावणात ओसरीवर बसून लाखवातीच्या वाती वळायची, आणि तिच्या मांडीजवळ पिंजलेल्या कापसाची टोपली असायची. पाखरू तिथूनच नेत असणार. चार वर्षं नुसतीच गोष्टीत बसून असलेल्या आजीला अचानक काम मिळालं, आणि गोष्टीलाही. टोपलीतला कापूस कमी होतोय, नेतंय कोण?

महिन्याभरानं मी पुन्हा गेले, या वेळी मुद्दाम. आजीचं बोलणं आता आजीसारखं होतं, पण तिथे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांना ते आपल्या घरातलंच वाटलं असणार. कापूस कोण नेतं हे शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवायचं, अशी मी बेतानं रचना केली होती. पाचव्या पानावरच एक मुलगा ओरडला, "पाखरूच नेते न वो!" सगळा खेळ संपला असं वाटून माझा चेहरा पडला. पण पोरं आणखी पुढे सरकून बसली. आजी मांजरावर संशय घेते, तेव्हा हसली. वाऱ्याला दोष देते, तेव्हा "नाही, नाही!" म्हणून उड्या मारायला लागली. आजीला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, हाच त्यांचा सगळा आनंद होता. त्या दिवशी मी रहस्य काढून टाकलं. चित्रकार मैत्रिणीला सांगितलं, पक्षी प्रत्येक पानावर कुठेतरी दिसू दे, मजकुरात त्याचं नाव शेवटपर्यंत येणार नाही.

उरलेलं काम छापखान्यानं करून घेतलं. माझी हातानं घडी घालून केलेली डमी, म्हणजे पुस्तकाचा नमुना, ४० पानांची होती. पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घालायच्या एका मोठ्या कागदावर १६ पानं, असं छापतात. म्हणजे ३२ किंवा ४८, आणि ४८ चा खर्च झेपणारा नव्हता. नाव-गाव, श्रेयनामावली यांची चार पानं वजा जाता हातात २८ उरली, म्हणजे चौदा जोडपानं. आपलं प्रत्येक वाक्य आवश्यक आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा अशी घडी घालून बघावी. चौदा म्हटल्यावर कुठलं पान जायचं ते मला लगेच कळलं. शेताचं वर्णन तर सगळ्यात आधी गेलं.

२०२२ मध्ये १,००० प्रती निघाल्या. तीन आठवड्यांत एका पक्षिनिरीक्षकांचं पत्र आलं. चित्रात घरटं शिवणाऱ्या पाखराची शेपटी लांब आहे. शिंपी पक्ष्यात विणीच्या हंगामात शेपटीची मधली पिसं वाढतात ती नराची, आणि घरटं करते ती मुख्यतः मादी. चूक उघड होती आणि चौदा जोडपानांवर होती. लहानपणापासून ज्याची भीती बाळगली तेच छापून आलं होतं, हजार प्रतींत. ती रात्र वाईट गेली. सकाळी मी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं आणि मैत्रिणीला फोन केला. दुसऱ्या आवृत्तीत शेपट्या आखूड झाल्या.

नवी प्रत घेऊन अंगणवाडीत गेले, तेव्हा एका पोरानं जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघितली आणि विचारलं, "पाखराची शेपटी कोनं कापली?" आणि मग कुणी कापली याच्या बारा गोष्टी तिथल्या तिथे तयार झाल्या. पावसानं, मांजरानं, आजीनं कात्रीनं.

सध्या दुसऱ्या पुस्तकाची डमी टेबलावर आहे. पान ९ कोरं आहे, तिथे काय घडतं ते मला अजून कळलेलं नाही. येत्या गुरुवारी वजनाचा दिवस आहे. तशीच घेऊन जाणार आहे.