तुम्ही विचारलंत म्हणून: लोकलमधली रीत

"लोकांमध्ये पूर्वीसारखी सभ्यता उरली आहे का हो?" लोकलने नोकरीला जाते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'नाही' असंच ऐकायचं असतं.

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईला इतक्या झटकन 'नाही' म्हणता येत नाही. ऐन गर्दीत लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. तरीही तिघींच्या बाकावर चौथी टेकते. आत शिरलेली बाई विचारते, "ताई, कुठे उतरणार?" "घाटकोपर." "मग मला द्या हं." झालं, ती जागा तिची. मध्येच दुसरी कुणी बसायला लागली तर आजूबाजूच्या सगळ्या साक्षीला उभ्या राहतात. अनोळखी बाईची पर्स हातोहात रॅकवर पोचते. ही सभ्यता नाही तर काय?

बिघडलंय ते मोबाइलच्या आवाजाचं. रील, मालिका, व्हिडिओ कॉल, सगळं स्पीकरवर. गर्दीतला धक्का कुणी मुद्दाम मारत नाही. आवाज मात्र स्वतःच्या बोटाने वाढवलेला असतो, म्हणून तो मला जास्त लागतो. बेस्टला २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला बंदी घालावी लागली.

माणसं वाईट झाली म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. पूर्वी ठरलेल्या गाडीला ठरलेला ग्रुप असायचा. उतरायच्या बाजूला कधी सरकायचं, गरोदर बाईला कुणी उठून जागा द्यायची, हे नव्या मुलीला ग्रुपच शिकवायचा. चुकली की तिथल्या तिथे टोकायच्या आणि डब्यातल्या हळदीकुंकवाला तिलाच आग्रहाने बोलवायच्या. आता ऑफिसच्या वेळा बदलत्या, काही दिवस घरून काम. ग्रुप विस्कटले. शिवाय टोकलं तर समोरची मोबाइल वर करून शूटिंग सुरू करेल, ही धास्ती. मग सगळ्याच गप्प.

मी गप्प बसत नाही. चारचौघींत सुनावलं की माणूस अडून बसतं, म्हणून कानाशी जाऊन हळूच म्हणते, "आवाज जरा कमी करतेस का गं?" बहुतेक मुली "सॉरी काकू" म्हणून लगेच बंद करतात. एखादी ऐकत नाही. पुन्हा भेटली की तिला पुन्हा सांगते.