घासलेली जागा

ब्राँझचा पुतळा दुरुस्तीला आला की मी आधी दिवा बंद करते आणि टॉर्च तिरकी धरून बघते. पावसाचे ओघळ, पक्ष्यांची घाण, सांध्यातल्या भेगा, सगळं उठून दिसतं. यावेळी टॉर्चची गरजच पडली नाही. उभी बाई, अंगभर काळपट तपकिरी, आणि छातीवर दोन पिवळेधमक डाग. चौथऱ्यावर नाव नाही, नुसतं ‘शांती’. पुरुषाच्या चौथऱ्यावर हुद्द्यासकट चार ओळी असतात.

ब्राँझ मुळात पिवळसरच. तपकिरी रंग म्हणजे रसायनांनी चढवलेली पॅटिना, वर मेणाचा हात. लोकांचे हात फिरले की आधी मेण जातं, मग पॅटिना, मग धातूच झिजतो. व्हेरोनातल्या ज्युलिएटला भेगा गेल्या म्हणून २०१४ मध्ये मूळ पुतळा आत नेला. बाहेरच्या प्रतिकृतीच्या छातीलाही २०२४ मध्ये भोक पडलं. डब्लिनमध्ये लोकगीतातल्या मॉली मलोनच्या पुतळ्यापाशी २०२५ साली ‘हात लावू नका’ म्हणून लोकांना समजवायला माणसं उभी करावी लागली. पुरुषही सुटत नाहीत. पॅरिसच्या दफनभूमीतल्या पत्रकार व्हिक्टर नुआरच्या पुतळ्याचं तर नको तेच चकाकतंय. पण माझ्याकडे आलेले पुरुष आजवर बुटाला नाहीतर गुडघ्याला झिजलेले होते.

पॅटिना चढवणं हे माझं आवडतं काम. ज्योत फिरवत राहायची, पाण्याचा थेंब टाकायचा. तो तडतडून उडाला तर धातू तयार, नुसता पसरला तर अजून थंड. मग पोटॅश सल्फर अगदी पातळ करून, वर फेरिक नायट्रेटचे हलके हात. नवा भाग रंगवणं सोपं. जुन्या तपकिरीत तो मिसळवणं हीच खरी कसोटी. गडद झालं की घासा आणि पुन्हा पहिल्यापासून.

ब्रश मदतनिसाच्या हातात होता. तो थबकला. “मॅडम, इथं तुम्हीच लावा ना.” आदल्याच आठवड्यात यानं एका सेनापतीला शीळ घालत नखशिखान्त मेण चोळलं होतं. मी हसले, ब्रश घेतला. नंतर वाटलं, सगळ्या लोकांत संकोच वाटलेला हा एकटाच.

अहवालात मी कारण लिहिलं : ‘छातीला वारंवार हात लावल्याने झीज.’ काम देणाऱ्या कार्यालयानं ते बदलून पाठवलं : ‘दर्शनी भागाची नैसर्गिक झीज.’ नैसर्गिक! दोनदा परत पाठवलं, दोनदा तेच आलं. सही केल्याशिवाय बिल निघत नाही. केली. कामाआधी काढलेले फोटो मात्र मागे जोडून दिले. ते कुणी उघडले असतील असं वाटत नाही.

मेण गार झाल्यावर पुन्हा टॉर्च तिरकी धरली. जोड कुठेच दिसेना. असं जमलं की एरवी मी सगळ्यांना बोलावून दाखवते.

“किती टिकेल?” मदतनिसानं विचारलं.

उघड्यावर मेण साधारण वर्षभर टिकतं. मी म्हटलं, “पदर वर्षभर. छाती पुढच्या सुट्ट्यांपर्यंत.”