लाटेचा ठावठिकाणा

भंडारा-गोंदियाकडं माजी मालगुजारी तलावाला सगळे ‘मामा तलाव’च म्हणतात. रोवणी आटोपली की त्याच्या पाळीवर बसून लाटा मोजणं हा तिथला बिनखर्चाचा उद्योग.

वारा एकसारखा असला की लाटांची रांग पाळीपासून पार पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांपर्यंत लागते. दहा मीटरमध्ये दहा शेंडे दिसले, म्हणजे मीटरभराची लाट. टोकाची एखादी धरायची की सोडायची हा घोळ राहतोच, तेव्हा चूक दहा सेंटिमीटर धरा. शंभर मीटरची रांग मिळाली तर चूक सेंटिमीटरवर येते. पण शेजारच्या काकांनी विचारलं, “लाट आहे कुठं जी?” तर काय सांगणार? सगळ्या तलावभर!

आता पाण्यात एक धोंडा टाका. डुबुक् झालं ती जागा बोटानं दाखवता येते. लांबी मात्र विचारू नका. ती उसळी नाना लांबीच्या लाटा मिळून झालेली असते; तेवढ्या जागी त्या एकमेकींना उचलून धरतात, बाकी सगळीकडं एकमेकींना मारतात. मग पाणीच त्यांना निवडत बसतं. लांब लाटा पुढं पळतात, आखूड मागं रेंगाळतात, आणि एका उसळीची कितीतरी वर्तुळं होतात. (अगदी बारीक सुरकुत्यांचं गणित उलटं, ते सोडा.)

इलेक्ट्रॉनसारख्या कणाची जागा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी नेमके ठरत नाहीत, हे भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व. ते म्हटलं की लोक लगेच सांगतात, बघायला गेलं की इलेक्ट्रॉनला धक्का बसतो. खुद्द हायझेनबर्गनंही १९२७ च्या लेखात सूक्ष्मदर्शकाचा दाखला देऊन असंच समजावलं होतं. मला ते अर्धवट वाटतं. तलावाला कुठं कुणी धक्का लावला? नुसतं बघत तर बसलो होतो. जागा आवळली की लांबी पसरते, हा लाटेचा पिंडच आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ डी ब्रॉग्लीनं १९२४ मध्ये कणालाही तरंगलांबी दिली, संवेगाच्या व्यस्त प्रमाणात, आणि तिच्यासोबत, जागा आवळली की संवेग पसरतो, हा पिंडही कणाकडं आला.

म्हशीकडंही आला म्हणा. पण सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या ५०० किलोच्या म्हशीची तरंगलांबी मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हापुढं आधी ३५ शून्यं येतात. त्यामुळं ती दुसऱ्याच्या बांधीत शिरली, तर “तेव्हा ती नेमकी कुठं होती सांगता येत नाही” हे मालकाचं म्हणणं हायझेनबर्गच्या नावावर खपायचं नाही.