औषध मारलंय का?

परवा दुपारी तीनच्या सुमारास वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गच्चीवर गेलो आणि जाता जाता भेंडीचं एक पान उलटं करून पाहिलं. मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी कीड. मोहरीहून बारीक, हिरवट-पिवळे ठिपके शिरेच्या दोन्ही बाजूंना खेटून बसलेले. पानाला कुणीतरी राजगिरा चिकटवून ठेवल्यासारखे. आणि त्यांच्यातून मुंगळ्यांची ये-जा, धारा काढायला गोठ्यात शिरल्यासारखी. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्याच्यासाठी मुंगळे त्याला सांभाळतात. माझ्या भेंडीवर त्यांचा दुग्धव्यवसाय चालला होता.

तेवढ्यात टाकीचा कॉक बघायला वॉचमन मामा वर आले. सुरगाण्याकडचे आहेत. घरी भात-नागली करणारा हा माणूस माझ्या बारा कुंड्यांकडे आणि चार अर्ध्या ड्रमांकडे भातुकलीकडे पाहावं तसा पाहतो. त्यांनी पान निरखलं, चुकचुकले आणि म्हणाले, "सर, औषध मारा ना."

"मामा, मी सेंद्रिय करतो."

"मग सेंद्रिय औषध मारा."

यावर काय बोलणार? ते कॉक बंद करून गेले आणि मी कुरडया विसरून त्या शब्दापाशी उभा राहिलो.

माणसाला आपण औषध देतो, पाजतो, चोळतो. मारतो ते फक्त पिकावर. खरं मारायचं असतं किड्याला, पण बोलण्यात किड्याचं नावसुद्धा येत नाही. भाजीला ताप आलाय आणि आपण डॉक्टर, असा सगळा थाट. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी शब्द उलटेपालटे करून बघायची खोड काही गेली नाही. आमची ही म्हणते, तुम्हाला भेंडी खायची आहे की तिचं व्याकरण सोडवायचंय?

'सेंद्रिय'चंही तेच. वर्गात फळ्यावर लिहायचो की कार्बनची संयुगं ती सेंद्रिय. त्या हिशेबानं कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची बहुतेक कीटकनाशकं अस्सल सेंद्रिय. मॅलॅथिऑन सेंद्रिय. उलट मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पक्कं असेंद्रिय. पण ते चुन्यात कालवलं की सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मर्यादेत का होईना, चालतं. कॉलेज रोडला एका दुकानात 'शंभर टक्के सेंद्रिय' अशा पाटीखाली उभं राहून मी हे सगळं मालकाला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पालक देऊ का?"

मोरचूद म्हटलं की मला दिंडोरी तालुक्यातला मामाचा मळा दिसतो. दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही तिकडे, आणि द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी होऊन फवारण्यांची घाई नेमकी तेव्हाच. मोरचुदाचे निळे खडे गोणपाटाच्या तुकड्यात बांधून रात्रभर पाण्यात लोंबकळत सोडायचे. सकाळी पाहावं तर पाणी असं निळं की शाईची दौत त्याच्यापुढे फिकी. दुसऱ्या पिंपात चुना विरघळवलेला. मग दोन्ही तिसऱ्या पिंपात एकत्र ओतायचं आणि मामा विळ्याचं पातं त्यात बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, घाल अजून. पातं स्वच्छ निघालं की बोर्डो मिश्रण तयार. पुढे दहावीच्या वर्गात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून विस्थापन अभिक्रिया शिकवताना मला दरवर्षी मामाचा विळा आठवायचा. पोरांना सांगायचोही. पोरं खिळ्याकडे बघण्याऐवजी माझ्याकडे बघायची.

या बोर्डोचा जन्म म्हणे चोरांमुळे झाला. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडून ठेवायचे. 1880 च्या दशकात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या वेली केवडा नावाच्या रोगानं झडल्यात आणि रस्त्याकडच्या हिरव्यागार आहेत. केवडा म्हणजे फूल नव्हे, हे नाशिकवाल्यांना सांगायला नको. इथे द्राक्षवाल्याच्या घरात 'केवडा आला' म्हटलं की कुणी वास घेत नाही, सगळे चपला शोधतात.

तर ती पंपाची खोली. मळ्याच्या टोकाला, पत्र्याची. आत नळ्या, फवारे, चुन्याची पोती आणि फळीवर ओळीनं डबे-बाटल्या. दाराला कडी नव्हती, सुतळीचा एक फास होता. लपाछपीला आम्ही त्या खोलीत शिरलो की मामी लांबून ओरडायची, "निघा तिथून, विष आहे ते!" आणि मामा गड्याला हाक मारायचा, "औषधाचा डबा आण रे!" एकाच फळीवरचा एकच डबा. मला बरेच दिवस वाटायचं, त्या खोलीत दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

मामीचा स्वतःचा एक वाफा होता. विहिरीच्या दंडाला लागून, दोन बाजांएवढा. मेथी, वांगी, चार वेल वालाचे, कडेला झेंडू. त्यात ती पंप शिरू द्यायची नाही. "हे घरच्यापुरतं आहे," एवढंच म्हणायची. सकाळी दव असताना जुन्या धोतराच्या फडक्यात चुलीतली राख बांधून ती पुरचुंडी वांग्याच्या पानांवर टपटप आपटत जायची. राख दवाला चिकटायची. पानं म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी दिसायची, पण त्यावर मावा टिकत नसे. एकदा पुरचुंडी माझ्याकडे दिली तर मी अशी आपटली की निम्मी राख माझ्याच डोळ्यांत. मामी पदराच्या टोकानं डोळा पुसत हसत होती, "वांग्याला लावायची रे, भाच्याला नाही." फळ पोखरणारी अळी मात्र राखेला भीक घालत नसे. मामी किडकं वांगं चिरून तेवढा भाग काढायची आणि उरलेलं शिजवायची. अळी निघाली म्हणून कुणी ताटावरून उठल्याचं मला आठवत नाही.

आता मला राख कुठून मिळणार? मग मी निंबोळ्यांवर आलो. जूनमध्ये आमच्या कॉलनीतल्या कडुनिंबाखाली सडा पडतो. मी पिशवी घेऊन वेचतो आणि फिरायला आलेली मंडळी वेग कमी करून बघतात. गर चोळून काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या, कुटायच्या. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम, म्हणजे पाच टक्के. फडक्यात बांधून रात्रभर भिजत, सकाळी दुधासारखं पाणी येईपर्यंत पिळायचं, थोडा साबण घालून ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात त्यातला गुण उडून जातो. निंबोळी किड्याला लगेच मारत नाही. त्याची अन्नावरची वासना जाते, कात टाकणं अडतं. घरात हे सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे उपासच की."

आणि जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून मातीला घालायचं पाणी! नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या कृतीत 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी सगळ्याला दहानं भागलं. पंचवटीतल्या एका गोठ्यातून किलोभर शेण डब्यात घालून स्कूटीवरून आणलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं डब्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, तो प्रसंग राहू दे. गूळ-बेसन डब्यातून काढताना हिनं विचारलं, लाडू करताय का? दोन दिवस काठीनं ढवळलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ड्रेनेज तुंबलंय, प्लंबरला बोलवा. प्लंबर आला, दोन तास शोधत होता. मी खाली गेलो नाही. त्याचे पैसे मेंटेनन्समधून गेले, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतोय.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी. पहिल्या वर्षी माव्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी अळ्या दिसल्या. लांबट, मगरीच्या पिल्लांसारख्या. मी चिमट्यानं एकेक वेचून मारल्या, चांगल्या तीस-पस्तीस. विजयी मुद्रेनं चहा प्यायलो. महिन्याभरानं एका शेतकऱ्यानं सांगितलं की ती ढालकिड्याची पोरं, माव्यावरच जगतात. विज्ञानाचा मास्तर! त्या वर्षी भेंडी गेली ती गेलीच.

मामाच्या ओसरीवर द्राक्षवाले जमले की कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं आणि शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या त्यांच्या प्रयोग परिवाराचं नाव निघायचं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं त्यांचं मांडणं. मागे एकदा मी हिशेब केला. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. माझ्या वाट्याची गच्ची 12 बाय 15, म्हणजे 180. साठावा हिस्सा. पाच माणसांचा साठावा हिस्सा म्हणजे एका माणसाचा बारावा. म्हणजे गच्चीच्या जिवावर मी वर्षातून एक महिना जगायला हरकत नाही. प्रत्यक्षात परवाच्या आठवड्यात सात भेंड्या निघाल्या. त्यांतली एक बियाण्याला ठेवली.

उरलेले अकरा महिने आणि खरं तर बारावाही बुधवारच्या बाजारावर. गोदाकाठी बुधवारी बाजार भरतो, तिथे एका आजींकडून मी मेथी घेतो. शेजारी एक बाई जुडी उलटीपालटी करून विचारत होत्या, "औषध मारलंय का हो?" हा प्रश्न मीही विचारतो, विचारून आपल्याला काय कळणार असतं देव जाणे. आजी पाणी शिंपडता शिंपडता म्हणाल्या, "मारेल आहे ना बाई. न मारता आणली तर तुम्ही हात लावता का? एक भोक दिसलं की खाली टाकता." बाईंनी हातातली जुडी खाली टाकली, दुसरी उचलली. त्या जुडीतही भोक नव्हतं. मी घेतली तिच्यातही नव्हतं. मी भोकाची शोधायला हवी होती, पण हात सवयीनं चांगलीकडेच गेला.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. पेपरात शब्द होता कीटकनाशक. त्या सुमारास मामेभावाशी फोनवर बोलताना विषय निघाला. तो द्राक्षवाला, जन्म फवारणीत गेलेला. म्हणाला, "वारं फिरलं असंल. औषध अंगावर आलं असंल." डबा त्याच्याही घरी असतो. त्यावर रंगीत त्रिकोण असतो, सगळ्यात जहाल तो लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे मी वर्गात शिकवायचो. त्याला मी काही बोललो नाही.

आता लिहिता लिहिता वर आलं म्हणून सांगतो. मी चौथीत असेन. दिवाळीच्या सुट्टीतच. शेजारच्या मळ्यातले एक काका रोज संध्याकाळी मामाच्या ओसरीवर येऊन बसायचे, आम्हाला खिशातून शेंगा द्यायचे. एका सकाळी उठलो तर ओसरीवर माणसंच माणसं, चूल पेटलेली नाही, मामी भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्या पदराला धरून विचारलं काय झालं. ती म्हणाली, "त्यांनी औषध घेतलं रे."

मी विचारलं, "मग बरं वाटलं का त्यांना?"

कुणीच काही बोललं नाही. दुपारी मामा दिंडोरीला जाऊन कुलूप घेऊन आला आणि पंपाच्या खोलीला कडी ठोकली. किल्ली पुढे बरीच वर्षं मामीच्या कनवटीला होती.